माळ्यावरच्या वह्या आणि सईचा अभ्यास

नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, माझ्या एम.बी.बी.एस.च्या वह्या माळ्यावरून काढून सईला द्याव्यात का, असे तू फोनवर विचारलेस. आणि बाबा, नात पुस्तक मिटून भिंतीकडे पाहत पुटपुटते किंवा मोबाईलवर प्रश्नांची कार्डे उलटत बसते, याला अभ्यास म्हणायचे का, अशी शंका तुम्ही काढलीत. दोन्ही प्रश्नांचे उत्तर मुळात एकच आहे. ते घाईघाईत सांगण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

वह्या सध्या माळ्यावरच राहू देत. ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवताना मला दरवर्षी दिसते, की सीनियर्सच्या नोट्सच्या झेरॉक्स वर्गभर फिरतात, त्यांवर हायलायटर फिरवून मुलांना अभ्यास झाल्याचे समाधान वाटते, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक साधा उलटा प्रश्न आला की ती गप्प होतात. कोणता मजकूर गाळायचा, कोणत्या दोन गोष्टी शेजारी मांडायच्या, हे ठरवताना डोक्याला जो ताण पडतो तोच नोट्सचा खरा लाभ असतो, आणि तो दुसऱ्याच्या वहीतून मिळत नाही. खांद्यापासून बोटांपर्यंत हाताला नसा पुरवणारे ब्रेकियल प्लेक्सस नावाचे जाळे आहे: पाच मुळे, त्यांची तीन खोडे, मग सहा विभाग, तीन दोर आणि शेवटी पाच मुख्य शाखा. ते सईने कोऱ्या कागदावर न पाहता काढावे, चुकेल तिथे पुस्तक उघडावे, आणि दोन दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर काढावे.

बाबा, म्हणूनच ती भिंतीकडे पाहते तेव्हा अभ्यास करत असते. आठवून पाहणे हे नुसते वाचण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते आणि म्हणूनच ते टिकते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करून 1885 साली दाखवून दिले, की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 सालच्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले, पण आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. सईच्या फोनवरचे अँकी हे प्रश्नकार्डांचे ॲप हेच काम करते. उत्तर येणारे कार्ड अधिकाधिक दिवसांनी पुढे आणते आणि अडणारे लवकर. तुम्ही आम्हाला पाढे म्हणायला लावून मधूनच ‘सतरा सक किती?’ असे विचारायचात, त्याचेच हे रूप आहे.

पुटपुटण्याबद्दल मात्र थोडे अधिक लिहिते, कारण त्यात चांगले आणि वाईट दोन्ही आहे. मी वर्गात एक ओळ सांगते: ‘तीन, चार, पाच, श्वासाला ना आच.’ मानेतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसांच्या मुळांपासून फ्रेनिक नर्व्ह तयार होते आणि ती श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू, हलवते. पण श्वासपटल छातीच्या तळाशी असताना त्याची नस मानेतून का यावी, हे विचारल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही. गर्भावस्थेत श्वासपटलाचा मूळ भाग मानेच्या पातळीवर तयार होतो आणि खाली सरकताना आपली नस बरोबर ओढत आणतो. खांद्यावरच्या त्वचेची संवेदनाही तिसऱ्या-चौथ्या मुळांकडे जाते, त्यामुळे पित्ताशयाच्या सुजेने श्वासपटल डिवचले गेले की रुग्ण उजवा खांदा दुखतो म्हणून सांगतो. आणि त्या मुळांच्या वर मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली, तर माणसाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. एवढे कळले की ती ओळ आयुष्यभर पुरते.

याउलट, मेंदूपासून निघणाऱ्या बारा क्रेनियल नर्व्हजसाठी मुले इंग्रजी वाक्यांची आद्याक्षरे घोकतात. त्यांतल्या पहिल्या तिन्ही, म्हणजे ऑल्फॅक्टरी, ऑप्टिक आणि ऑक्युलोमोटर, ‘ओ’नेच सुरू होतात, म्हणून आद्याक्षरे क्रम सांभाळतात पण काम सांगत नाहीत. मनगटाच्या आठ हाडांसाठी मुलीच्या रूपावर बेतलेले एक जुने वाक्य अजूनही फिरते. ते मी वर्गातून काढून टाकले आहे, कारण मृत्यूनंतर देह देणाऱ्या माणसासमोर उभे राहून शिकण्याची ती भाषा नव्हे.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट: 1858 साली निघालेल्या ‘ग्रेज् ॲनाटॉमी’ या शरीररचनेच्या प्रसिद्ध पुस्तकातली चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी काढली, आणि अनेक भागांची नावे चित्रातल्या त्या-त्या भागावरच लिहिली, त्यामुळे नाव आणि जागा एकाच नजरेत बसते. त्याच वर्षी ते मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि पुढे काही वर्षे आपल्या साताऱ्यातच सिव्हिल सर्जन होते. सईनेही नावे अशीच चित्रावर लिहावीत, असे मी तिला कळवले आहे.

आता तुमच्याकडे एक मागणे आहे. रोज जेवणानंतर तिची कार्डे हाती घ्या, क्रम मोडून प्रश्न विचारा आणि मागचे उत्तर पडताळा. विषय समजला नाही तरी अडत नाही, मात्र ‘असे का?’ हे जरूर विचारा. आणि आई, त्या बारा नसा तिला तुझ्यावर तपासू दे: डोळे मिटून एकेका नाकपुडीने कॉफीचा वास, मान न हलवता तिच्या बोटामागे नजर, गालावर कापसाचा स्पर्श, शेवटी जीभ बाहेर. जीभ दुबळ्या बाजूकडे वळते हे तिने तपासताना मोठ्याने सांगितले पाहिजे. ती कुठे अडते ते रविवारी मला कळवा, म्हणजे पुढच्या आठवड्याची कार्डे मी तिच्याबरोबर फोनवर ठरवीन.

तुमची,
वैशाली