ठोंब्याच्या डॉक्टरांना अनावृत पत्र

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमचं मांजराचं पिल्लू ठोंब्या मजेत आहे, आणि घरातला चार्जर अजून शाबूत आहे. समोर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘बरं, पुढचा पेशंट’ म्हणून मोकळ्या होता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिण्याचा घाट घातला. शिवाय मांजर घरातलं सगळं चावतं म्हणून मेटाकुटीला आलेली माणसं भरपूर आहेत. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडलेलं बरं.

आम्ही आलो होतो ते स्प्रे लिहून घ्यायला. वस्तूंवर मारायचा, कडू चवीचा. तुम्ही म्हणालात, ‘स्प्रेचं नंतर. आधी तोंड बघू.’ एका हाताने डोकं धरून अंगठ्याने त्याचा वरचा ओठ हलकेच उचललात आणि आम्हाला वाकून बघायला लावलंत. एकाच जागी दोन सुळे! दुधाचा सुळा अजून पडला नव्हता आणि कायमचा त्याला खेटून वर आला होता. भोवतालची हिरडी लाल. पिल्लांचे २६ दुधाचे दात साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ३० कायमचे दात येतात, हे तेव्हा कळलं. पडलेला दात पिल्लू बहुतेक वेळा गिळूनच टाकतं, त्यामुळे घरातल्यांना पत्ताही लागत नाही. ‘खोडकर कसला, याच्या हिरड्या ठणकतायत,’ असं तुम्ही म्हणालात आणि ठोंब्यावरचे निम्मे आरोप तिथेच रद्द झाले.

उरलेल्या निम्म्यांची तुम्ही उलटतपासणी घेतलीत. नेमकं काय चावतो? कधी? तेव्हा घरात कोण काय करत असतं? आम्ही ‘सगळंच चावतो’ म्हणालो, तर तुम्ही मानायला तयार नाही. मग एकेक आठवत गेलो आणि ‘सगळंच’ म्हणजे मोजून तीन प्रकार निघाले. वायर पहाटे. प्लास्टिकची पिशवी दिसेल तेव्हा. आणि लोकरीची घोंगडी झोपायच्या आधी, तीही चावत नव्हता, पायांनी तुडवत चोखत होता. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून तिन्हींवर एकच स्प्रे मारून काही होणार नाही, हे तुमचं म्हणणं आम्हाला तेव्हा पटलं.

घोंगडीचं तुम्ही हसण्यावारी नेलंत. आईपासून लवकर तुटलेली पिल्लं पुष्कळदा अशी लोकर चोखतात, सयामी-बर्मी जातींत तर हे जास्तच दिसतं. चोखू दे, पण धागे गिळत असेल तर घोंगडी उचलून ठेवा, एवढीच अट. प्लास्टिकच्या पिशव्या झाकणाच्या डब्यात गेल्या आणि विषय संपला. त्या जागी गव्हाचं कोवळं गवत कुंडीत लावायला सांगितलंत, ते तो आवडीने खुडतो. घरात लिलीची फुलं कधीही आणू नका, मांजराची मूत्रपिंडं त्याने निकामी होतात, हेही तेव्हाच बजावलंत.

वायरीवर मात्र तुम्ही अजिबात हसला नाहीत. प्लग काढून ठेवा, ज्या काढता येत नाहीत त्या केसिंगमध्ये घाला. मांजराला शॉक बसलाच तर आधी मेन स्विच बंद करायचा, तोवर अंगाला हात लावायचा नाही. आणि नंतर ते ठणठणीत दिसलं तरी दवाखान्यात आणायचं, कारण तोंड भाजलेलं लगेच दिसतं, पण फुफ्फुसात पाणी होतं ते काही तासांनी. ही शेवटची गोष्ट कुणालाच माहीत नसते. आता आम्ही मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला ती सांगतो, न विचारता.

पहाटेचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. मांजराची शिकारीची वेळ पहाट आणि संध्याकाळ. त्या वेळी शिकार नसेल तर लोंबणारी वायर हीच शिकार. वर माणूस ओरडत धावत आला की मांजराच्या लेखी तो खेळातला नवा भिडूच. म्हणून ओरडणं बंद आणि रात्री झोपण्यापूर्वी काठीला बांधलेल्या पिसाशी दमेपर्यंत खेळ. शेवटी ते पीस त्याच्या तावडीत सापडू द्यायचं, हातोहात काढून घ्यायचं नाही, आणि लगेच जेवण वाढायचं. पकडलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपला! इतकं सरळ होतं ते.

स्प्रेबद्दल तुमचं मत थंड होतं: काही मांजरांवर चालतो, काही नुसती लाळ गाळतात आणि परत चावतात. पण घरगुती उपायांचा विषय निघाला तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. लिंबाचं किंवा टी ट्रीचं तेल वायरींना फासा, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. अशा तेलांतली कित्येक द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि पंजाला लागलेलं तेल चाटून थेट पोटात जातं. मिरचीच्या पाण्याचंही तेच. पंजा डोळ्याला लागणारच. हा सल्ला देणाऱ्यांनी आधी स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करावा, असं माझं वैयक्तिक मत.

आता खऱ्या आभाराचं.

निघताना, दारात उभ्या राहून तुम्ही म्हणालात, ‘आणि दोरा. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. काहीही झालं तरी.’ मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आत आतच सरकतो. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकलं आणि दुसरं पुढे गेलं की नाडी ओढल्यासारखी आतडी दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतात. तशात बाहेरून ओढलं तर दोरा आतड्याला आतून कापतो.

मग एका संध्याकाळी उशीच्या अभ्र्याची शिवण उसवलेली दिसली, आणि ठोंब्याच्या ओठाच्या कडेला बोटभर पांढरा दोरा. तो मान झटकत होता, पुढच्या पायाने तोंड पुसत होता. समोर लोंबणारा दोरा बघून हात आपोआप पुढे जातो, मॅडम. गेला होता. तुमचं ‘काहीही झालं तरी’ आठवलं आणि तिथेच थांबला. दोरा तसाच ठेवून त्याला टोपलीत घातलं आणि तुमच्याकडे आणलं. तुम्ही गुंगी देऊन जीभ वर केलीत, तर मुळाशी दोऱ्याचा वेढा बसलेला. तो कापलात, सोनोग्राफी केलीत, आतडी गोळा झालेली नाहीत हे पाहिलंत आणि तरीही घरी न सोडता देखरेखीखाली ठेवून घेतलंत. उरलेला दोरा शीतून बाहेर पडला तेव्हा तुम्ही स्वतः फोन केलात. शी झाली म्हणून एवढा आनंद आमच्या घरात कुणाच्याच बाबतीत झालेला नाही.

त्या दिवशी तुम्ही केलेल्या उपचारांचे आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार दारातल्या त्या एका वाक्याचे. आम्ही दोऱ्याचं काही विचारलंच नव्हतं, बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी तुम्ही ते सांगितल्याशिवाय आम्हाला जाऊ दिलं नाहीत.

जाता जाता एक विनंती. प्रौढ मांजर अचानक माती, कापड, प्लास्टिक खायला लागलं तर त्याला खोडी न समजता दात आणि रक्त तपासून घ्यावं, कारण अंगात रक्त कमी असल्यानेही ते होतं, हे तुम्ही मला ओझरतं सांगितलं होतंत. ते मोठ्या अक्षरांत लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावा ना. लिहून द्यायचं काम आमच्याकडे.

ठोंब्याचे दोन्हीकडचे दुधाचे सुळे पडले. सध्या तो वायरी ठेवलेला खण पंजाने उघडायला शिकला आहे. त्याचं काय करायचं ते पुढच्या लसीच्या वेळी विचारू.

आपले,
ठोंब्याच्या घरची मंडळी