खोदाईच्या परवानगीत महापालिकेचा अधिकार कुठवर?

मा. संपादक,
स. न.

केबल किंवा वीजवाहिनी टाकण्यासाठी गल्लीतला रस्ता खोदला गेला आणि त्याची तक्रार घेऊन नागरिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेला, की 'त्यांना वरून परवानगी आहे, आमच्या हातात काही नाही' हे उत्तर हमखास ऐकायला मिळते. या उत्तरातला थोडाच भाग खरा आहे. उरलेल्या भागाची किंमत सोलापूरकर दर पावसाळ्यात मोजतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार शहरातील सार्वजनिक रस्ते महापालिकेच्या ताब्यात असले, तरी दूरसंचार हा केंद्राचा विषय आहे आणि वीज केंद्र व राज्य दोघांचा. त्यामुळे या सेवांसाठी परवानगी देताना महापालिकेला मनमानी करता येत नाही. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी (म्हणजे वाहिन्या टाकण्यासाठी रस्ता व जागा वापरू देण्याच्या केंद्राच्या नियमांनी) दूरसंचार वाहिन्यांच्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय घेणे बंधनकारक केले, नकार द्यायचा तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून लेखी कारणे देण्यास सांगितले, भूमिगत वाहिनीसाठीचे प्रशासकीय शुल्क किलोमीटरला जास्तीत जास्त १,००० रुपये ठरवले आणि मुदतीत निर्णय न झाल्यास परवानगी मिळाली असे समजावे, अशी तरतूद केली. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मुदत उलटल्यावर परवानगी गृहीत धरण्याचे तत्त्व त्यांतही कायम आहे.

ही बंधने मला योग्यच वाटतात. प्रत्येक शहराचा दर वेगळा, प्रत्येक टेबलाचा नियम वेगळा आणि फाइल कधी हलेल याचा भरवसा नाही, अशा कारभारात शेवटी नुकसान सेवेची वाट पाहणाऱ्याचे होते. अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमाग कारखानदाराला अखंड वीज हवी असते आणि हद्दवाढ भागातल्या विद्यार्थ्याला चालणारे इंटरनेट. परवानगीचे शुल्क आणि तारीख आधीच ठाऊक असेल, तर मध्यस्थांची गरजही उरत नाही.

मात्र निर्णयाला मुदत घालणे वेगळे आणि रस्त्यावरचा अधिकार काढून घेणे वेगळे. काम कोणत्या वेळी व कोणत्या पद्धतीने करायचे याच्या अटी घालण्याचा स्थानिक संस्थेचा अधिकार १८८५ च्या तार अधिनियमानेही मान्य केला होता. २०१६ च्या नियमांनी रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च वसूल करण्याची, किंवा कंपनी स्वतः दुरुस्ती करणार असेल तर तिच्याकडून बँक हमी घेण्याची मुभा दिली. विजेच्या बाबतीत विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ६७ वितरण कंपनीला रस्ता खोदण्याचा अधिकार देते आणि त्याच कलमात नुकसान व गैरसोय शक्य तितकी कमी करण्याची आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई देण्याची जबाबदारीही तिच्यावर टाकते. म्हणजे कायद्याने महापालिकेचे हात बांधलेले नाहीत.

प्रत्यक्षात काय होते ते आमच्या जुळे सोलापुरात दिसले. एका कंपनीच्या ठेकेदाराने केबलसाठी चर खोदला, निघालेली काळी माती आणि डांबराची ढेकळे तशीच परत लोटली, त्यावर मुरुमाचा हात फिरवला आणि तो निघून गेला. काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते. थर देऊन, पाणी मारून धुम्मस केली नाही तर चर खचणारच. पहिल्या दमदार पावसात तो वीतभर खाली गेला आणि एका घराचे नळजोडणीचे पाइप त्यात उघडे पडून तुटले. जिथे पाणीच काही दिवसांआड येते, तिथे पाणी सुटण्याच्या दिवशी ते गटारात वाहून जाताना पाहणे काय असते, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. दुरुस्तीचा खर्च त्या घरमालकानेच केला, कारण परवानगी कोणाच्या नावे आहे आणि त्यात अटी काय आहेत, हे त्याला कोणी सांगू शकले नाही.

खोदाईची वेळ ठरवण्याच्या बाबतीत तर स्थानिक संस्थेची जागा दुसरे कोणी घेऊच शकत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत मानाचे सात नंदीध्वज कोणत्या रस्त्यांवरून जातात, एवढा उंच ध्वज पेलून चालणाऱ्याला पायाखालची जमीन किती सपाट लागते आणि म्हणून त्या मार्गावरची खोदाई किती आधी थांबली पाहिजे, हे मुंबईत किंवा दिल्लीत बसून कोणाला ठरवता येणार नाही.

माझा मुख्य आक्षेप गृहीत परवानगीच्या परिणामाला आहे. कार्यालयाने मुदतीत काहीच कळवले नाही तर परवानगी आपोआप मिळते आणि त्या गल्लीपुरत्या विशेष अटी घालण्याची संधीही हातची जाते. मौन अधिकाऱ्याचे आणि भुर्दंड रहिवाशाला, असा हा हिशेब आहे. त्यावर उपाय अवघड नाही. महापालिकेने मातीचा भराव, थरांची दाबणी, डांबरीकरण, यात्रेच्या व पावसाळ्याच्या काळातील खोदाईबंदी आणि जलवाहिन्यांच्या नकाशाची आधी पडताळणी, यांविषयीच्या सर्वसाधारण अटी आत्ताच नियमांच्या चौकटीत ठरवून जाहीर कराव्यात. राज्य शासनाने त्या प्रत्येक परवानगीला, गृहीत परवानगीलासुद्धा, लागू राहतील असे स्पष्ट आदेश काढावेत. बँक हमी किमान एक पावसाळा उलटेपर्यंत परत करू नये, कारण चराची खरी परीक्षा तेव्हाच होते.

शिवाय, प्रत्येक खोदाईच्या ठिकाणी परवानगीचा क्रमांक, कंपनीचे व ठेकेदाराचे नाव, काम संपवण्याची तारीख आणि जबाबदार अभियंत्याचा दूरध्वनी लिहिलेला फलक सक्तीचा असावा. हीच माहिती महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रभागनिहाय द्यावी आणि सध्या कोणकोणत्या रस्त्यांच्या हमीच्या रकमा महापालिकेकडे जमा आहेत, त्याची यादी आयुक्तांनी येत्या पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक करदाता नागरिक, जुळे सोलापूर