कानातले इअरफोन काढून चाल

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, पुरे आता" म्हणून तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. रागावलेले नाही. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या पायवाटेवरचा तो व्हिडिओ रात्री परत पाहिला. वेटोळं घालून बसलेला रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळ्यासारखी वाजवणारा तो विषारी साप, आणि तू म्हणतेस, "बघ, आधी वाजवून सांगतो बिचारा."

दरवेळी सांगत नाही गं. पुष्कळदा गपचूप पडून राहतो. शेपटीचं कडं प्रत्येक वेळी कात टाकली की एकेक वाढतं, त्यामुळे नव्या पिल्लाची शेपटी वाजतच नाही. विष मात्र जन्मल्यापासून असतं. आणि वाजवलंच, तरी तुझ्या कानात गाणी चाललेली. एकटीने, संध्याकाळी, वर कानात ते.

अमेरिकेत वर्षाला 7-8 हजार जणांना विषारी साप चावतात आणि मरतात फक्त पाचएक, हे तू पाठवलंस. आपल्याकडे अंदाजे 58 हजार जातात, तेव्हा तुझं म्हणणं खोटं नाही. पण वाचलेल्यांचं काय होतं ते मी नोकरीत पाहिलंय. बंड्याकाकाचं बोट तूही पाहिलंयस.

भातकापणी लागली की फुरसं चावलेली माणसं आमच्या आरोग्य केंद्रात यायची. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी हळूच आडवी करायची. रक्त गोठलेलं असलं की हायसं वाटायचं. पाण्यासारखं वाहिलं, की डॉक्टर लगेच सलाइनमधून विषावरची लस सुरू करायचे. नातेवाईक दाराशी उभे, आणि मी घड्याळाकडे बघत. रॅटलस्नेकचं विषही असंच रक्त बिघडवतं, मांस सडवतं. अ‍ॅरिझोनात त्यांच्या 13 जाती आहेत. त्यातल्या मोहावे जातीचं विष नसांवर जातं, श्वास अडकतो.

चावलाच, तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. सूज चढायच्या आत अंगठी, घड्याळ काढायचं. आजीने दिलेली अंगठी फार घट्ट बसते तुला. धावायचं नाही, 911 ला फोन करायचा. साप मारून न्यायच्या भानगडीत पडू नकोस, तुटलेलं डोकंही चावतं. आपली लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची, तिथे ती उपयोगाची नाही. तिथली वेगळी, एकेका कुपीला हजारो डॉलर. तुझा विमा चालू आहे ना?

बघ, पुन्हा शिकवणीच घ्यायला लागले. माफ कर. वाळवंटातल्या भूजलावर काम करतेस, डोंगर हिंडतेस. कोणी विचारलं की मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. तुला घरात बसवायचं माझ्या मनातही नाही. विहिरीत पोहायला तुला मीच उतरवलं होतं, तुझ्या बाबांचा विरोध असताना.

पण पावसाळ्यात तिथे ते अंधार पडल्यावर जास्त फिरतात म्हणे. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे घाल, सँडल नको. टॉर्च घे. दगडावर न बघता हात टेकू नकोस, बसू नकोस. शनिवारी मेघनाला सोबत ने. आणि कानात काही घालू नकोस, एवढं तरी ऐक.

विम्याचं रविवारी फोनवर सांग. नाना तुझी आठवण काढतात.

तुझी,
आई