रविवारी शेडवर या
सभासदहो, रविवारी सकाळी ८ ला शेडवर. पाऊस असला तरी काम आहे, कौलं शाकारून झालीत.

आपल्या वाफेच्या रोडरोलरच्या बॉयलरमधल्या जुन्या नळ्या निघाल्या एकदाच्या! खाऱ्या हवेने पार चाळण झालीय. नखाने टोकरलं की गंजाचा पापुद्रा हातात. नव्या बसवण्याआधी ट्यूबप्लेटची (नळ्यांची टोकं ज्यात बसतात त्या जाड पत्र्याची) भोकं पॉलिशपेपरने घासून चकचकीत हवीत. हातमोजे, मास्क आपापले आणा.

"धूर कधी?" कृपया विचारू नका. आधी थंड पाणी भरून कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाची चाचणी, मग निरीक्षकांचा दाखला, मग कोळसा. मुलांनाही आणा. १९९८ ला पूर्ण झालेली कोकण रेल्वे आधी डिझेलवर धावली, आता विजेवर धावते, वाफेचं इंजिन त्यांनी बघायचं कुठे?

चहा-पोहे मंडळाचे.