कॅरोलिनला कळलं होतं का?

प्रिय दिल्या,

अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, काळजी नको. वाचायला मात्र सध्या मनाई. म्हणून रात्री जेवणानंतर मी त्यांना अगाथा ख्रिस्तीबाईंचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅकरॉइड’ वाचून दाखवायचो. इंग्रजीतून वाचायचं नि तिथल्या तिथे मराठीत सांगायचं. काल संपलं. आता हे तुला नाही तर कुणाला लिहू?

हो, तेच पुस्तक. गोष्ट सांगणाराच खुनी, म्हणजे वाचकाची शुद्ध फसवणूक, असं म्हणून तू होस्टेलच्या गच्चीवरून तणतणत खाली गेला होतास. १९२६ साली ते आलं तेव्हाही काही वाचक असेच चिडले होते. पण ते पान पुन्हा काढ. अ‍ॅकरॉइडच्या हाती पत्र येतं आठ चाळीसला, गोष्ट सांगणारा डॉक्टर शेपर्ड त्याच्या खोलीतून निघतो आठ पन्नासला. मधल्या दहा मिनिटांत काय झालं ते तो सांगत नाही, पण वेळ चोख लिहितो. एक शब्द खोटा नाही रे! अर्थात तू मान्य करणार नाहीस. कॅरममध्ये हरलेला डाव तरी कधी मान्य केलास?

पण मला झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. शेवट ऐकून अण्णा खुन्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “बहिणीला कळलं होतं का रे?”

दिल्या, आपण इतकं भांडलो, पण डॉक्टरच्या बहिणीचं, कॅरोलिनचं, नाव एकदाही घेतलं नाही. घरबसल्या गावाची बित्तंबातमी ठेवणारी बाई ती. भाऊ मनाचा कच्चा आहे, मी सांभाळते म्हणून बरं, असं खुनाचा तपास करणाऱ्या पॉयरोसमोर बोलून जाते. हे उगाच? ख्रिस्तीबाईंनी आत्मचरित्रात लिहिलंय, त्यांची ती म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल बहुधा हिच्यातूनच सुचली. मग तिलाच स्वतःच्या घरातलं दिसलं नसेल? डॉक्टरलाही सगळ्यात मोठी धास्ती तिचीच. पॉयरो त्याला व्हेरोनॉलची, म्हणजे झोपेच्या औषधाने स्वतःला संपवण्याची, वाट मोकळी ठेवतो, तीही तिच्यासाठी. पण सकाळी भावाच्या खोलीचं दार कोण उघडणार? तीच ना?

अण्णांचं मत, ती ओळखून होती आणि गप्प राहिली. मला ते मानवत नाही. कळलं असतं तर तिने त्याला बोलतं केलंच असतं. पण मग पॉयरोसमोरचं ते वाक्य? तिथे माझं घोडं अडतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? पिंकीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार. कॅरोलिनचे सगळे प्रसंग पुन्हा वाच आणि लिही. भांडायचं असेल तर थेट ये, अण्णाही वाट बघताहेत.

तुझा,
मंग्या