'सोलापूर' नीट दिसतं, 'सिद्धेश्वर' मोडतं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी पुतणी तिसरीत आहे. मागच्या महिन्यात तिची वही बघत होतो तर 'किल्ला' लिहिताना तिनं वेलांटी क ला न देता ल वर दिलेली, आणि पुढं पाय मोडलेला ल सुटा ठेवलेला. मी म्हटलं अगं हे काय, तर म्हणे काका गेममध्ये असंच आहे. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शब्द ओळखायचा एक गेम आहे, जाऊन बघितलं तर खरंच तसंच. पोरीनं समोर दिसलं ते नीट उतरवलं आणि वहीत फुली खाल्ली, हे मला फार लागलं म्हणून लिहितोय.

मी बरीच वर्षं डीटीपी केलंय, लग्नपत्रिका मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, आपल्या सोलापुरात तिन्ही लागतात. आता छोटी सॉफ्टवेअरची कामं करतो. गेम बनवणाऱ्यांचा पत्ता नाही, पण प्रोजेक्टचा पेनड्राईव्ह बाईंनी कपाटात जपून ठेवला होता. उघडला तर युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ४ मधलं काम आणि स्क्रीनवरच्या बटणं-लेबलांसाठी एनजीयूआय नावाचं तयार टूलकिट. त्यात टूलकिटची चूक नाही, युनिटीचं स्वतःचं नवं यूआय (म्हणजे बटणं-लेबलं दाखवायची सोय) २०१४ ला ४.६ मध्ये आलं, त्याच्या आधी भरपूर लोक हेच वापरायचे आणि इंग्रजीसाठी ते चांगलंच होतं. चूक ही की त्यावर मराठी टाकून कोणी वाचून बघितलं नाही.

बिघाड दोन निघाले. पहिला असा की चार-पाच स्क्रीन खेळून झाले की अक्षरं फाटायची, क च्या जागी म चा तुकडा, कुठं नुसती रिकामी जागा, आणि गेम बंद करून चालू केला की परत नीट, म्हणून कोणी मनावर घेतलं नसणार. गेममध्ये डायनॅमिक फॉन्ट होता, त्यात सगळी अक्षरं आधी काढून ठेवलेली नसतात, जे अक्षर ज्या साईजला लागेल ते त्या वेळी एका टेक्श्चरवर, म्हणजे मेमरीतल्या एका चित्रावर, काढलं जातं आणि लेबल फक्त 'माझं अक्षर अमुक कोपऱ्यात' एवढं धरून ठेवतं. टेक्श्चर भरलं की युनिटी ते नव्यानं मांडते, जागा बदलतात, आणि ज्या लेबलपर्यंत हे पोचलं नाही ते जुन्या जागेवरचाच तुकडा दाखवत राहतं. जुन्या छापखान्यात रात्रीतून कोणी खिळ्यांचे खण अदलाबदल केले आणि कंपोझिटरला सांगितलंच नाही तर सकाळी जे छापून येईल तेच हे. गेममध्ये ११ वेगवेगळ्या साईज होत्या, बोल्ड वेगळा, आणि प्रत्येकाला टेक्श्चरवर वेगळी जागा लागते. मी तीनच ठेवल्या, लागणारी सगळी अक्षरं गेम सुरू होतानाच मागवून घेतली (युनिकोड म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड देणारी यादी, तिच्यात देवनागरीच्या मुख्य तक्त्याला जागाच १२८ आहेत, फार ओझं होत नाही) आणि टेक्श्चर नव्यानं मांडल्याची सूचना आली की सगळी लेबलं परत काढायला लावली, बंद पॅनेलवरची पण. फाटणं थांबलं.

आणि हो, गेममध्ये टाकलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नव्हतीच! अक्षर सापडलं नाही की ते मशीनमधल्या दुसऱ्या फॉन्टमधून उसनं घेतलं जायचं, त्यामुळं बनवणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर एक आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर भलतंच दिसायचं.

दुसरा बिघाड जास्त खोल आहे. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते, दाखवताना वेलांटी उचलून क च्या आधी आणायची, जोडाक्षरं जुळवायची, रफार वर चढवायचा, हे काम वेगळ्या इंजिनचं असतं. अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, लिबरऑफिसमध्ये ते हार्फबझ नावाचं इंजिन करतं. या जुन्या यूआयमध्ये तसलं काहीच नाही, ते एकामागे एक अक्षर ठेवत जातं. म्हणून 'सोलापूर' एकदम बरोबर दिसतं, त्यात ना वेलांटी ना जोडाक्षर, आणि 'सिद्धेश्वर' पार मोडतं. गेमच्या पहिल्याच स्क्रीनवर 'सोलापूर' होतं, तेवढं बघूनच पास केला असेल असं मला वाटतं.

यावर उपाय मला डीटीपीमुळं सुचला. जुन्या फॉन्टमध्ये आपण वेलांटी आधी टाईप करायचो, मग अक्षर. तेच कोडमध्ये केलं, शब्द लेबलला देण्याआधी वेलांटी अक्षराच्या आधी आणली. जोडाक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त परवान्यातला मुक्ता फॉन्ट घेतला, त्याच्या पोटात जोडाक्षरं असतात पण त्यांना स्वतःचा कोड नसतो, तो फॉन्टफोर्ज या फॉन्ट दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेकाला दिला. तीन रविवार गेले. नवीन काम करणाऱ्यांनी हे जुगाड करू नये, ज्यात हार्फबझ आहे असंच काहीतरी घ्यावं.

माझी विनंती शाळांना आणि पालकांना आहे. मुलांसाठी मराठी गेम किंवा ॲप घेताना समोर बसून चार शब्द उघडून बघा: किल्ला, सूर्य, सिद्धेश्वर, दऱ्या. शेवटचा मुद्दाम सांगतोय, 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, पोरांना हा फरक कुठून कळणार जर स्क्रीनवरच चुकीचं असेल. एक जरी शब्द मोडला तर पैसे देऊ नका, दुरुस्त करून आणायला सांगा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते, मग तिसरीतल्या पोरांना वेलांटी तरी जागेवर मिळाली पाहिजे ना.

गेम शाळेत परत बसवलाय, किल्ला आणि सिद्धेश्वर आता नीट येतात. 'दऱ्या' मधला ऱ्य मात्र अजून तुटतोय, त्याला पुढच्या रविवारी बसणार आहे.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर