भाऊबीजेला वाईला जाऊ या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

कोजागरी झाली, म्हणजे आई, तुझी भाजणी दळून आली असेल. बाबा, घेवडाही झोडून झाला असेल. फोनवर बेबीआत्याचा विषय निघाला की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून लिहून पाठवतेय.

गेल्या भाऊबीजेला मी तुम्हाला न सांगता बेबीआत्याकडे वाईला गेले होते. लपवलं, ते चुकलंच. तिन्हीसांजेला तिनं तबक केलं: निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी. मला वाटलं, आतेभावाला ओवाळायला माझ्याच हातात देतेय. पण ती तबक घेऊन जिना चढायला लागली, गुडघ्यांमुळे पायरीपायरीला थांबत. गच्चीवरून मावळतीला नखाएवढी कोर दिसत होती. आत्यानं डोक्यावर पदर घेतला आणि चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. बाबा, तिचा भाऊ तेव्हा कोरेगावात ओट्यावर बसलेला होता.

२०१६ च्या पावसात आजोबा गेले. तेराव्याची जेवणं उरकली आणि हक्कसोडपत्र तिच्यापुढे ठेवलं गेलं. ते मी टाइप करून आणलेलं. "मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" हे शब्द माझ्या हातचे. तिनं चष्मा लावून तिथवर वाचलं आणि म्हणाली, "स्वखुशीनं कुणी म्हटलं गं? मला तर आत्ताच कळतंय." एवढंच. तिनं जमीन मागितली नव्हती, कोर्टाचं नाव काढलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "माहेर नको असेल तर तसं सांग." मी शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

तिचं लग्न १९७९ चं, तिला कसला हक्क, असं तेव्हा घरात सगळेच म्हणत होते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरं. पण २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखाच जन्मापासूनचा हक्क दिला, त्यात लग्नाची अट नाही. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच पक्कं केलं. म्हणजे आपण तिच्याकडे तिचंच मागत होतो, तेही बाप जाऊन तेरा दिवस झालेले असताना. सातबाऱ्याचं पुढं काय ते तुम्ही बहीणभाऊ बसून ठरवा. त्यात मी पडत नाही.

आई, तूही मामांना सही दिलीस. त्या रात्री तू जेवली नव्हतीस, मला आठवतंय. माहेरचं दार बंद होऊ नये म्हणून बायका सही करतात, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? दर दिवाळीला तू आत्याच्या वाटणीचे अनारसे वेगळ्या डब्यात काढतेस आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो डबा फडताळात तसाच असतो. मी बघितलाय तो.

मी गच्चीतच तिची माफी मागितली. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, "दादाची शुगर कशी आहे?" नऊ भाऊबीजा गेल्या, बाबा, आणि तिच्या मनात हे होतं.

तुम्ही तिला काही बोलावंच असं नाही. तुम्हाला जमणार नाही, ते मला माहीत आहे. पूर्वी न्यायचात तशी नव्या घेवड्याची पिशवी घेऊन नुसते दारात उभे राहा. मी धनत्रयोदशीला येतेय. घेवडा निवडायला बसू, डबा यंदा आई स्वतः घेईल. भाऊबीजेला जेवणं झाली की लगेच निघू या. बीजेची कोर फार वेळ राहत नाही. आत्या तबक घेऊन जिन्यापाशी जायच्या आत आपण पोचलं पाहिजे.

तुमची,
माई